ऑयलर, माझा डोळा आणि बादलीतलं जहाज

सगळ्यात आधी दोन कबुल्या देऊन टाकते.

पहिली, माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे मराठी हा ‘थर्ड लँग्वेज’ म्हणून कसाबसा उरकायचा विषय होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला बोलू नका. अर्ध्या चुका आईने काढल्या आहेत, उरलेल्या माझ्या.

दुसरी, या लेखातल्या माणसाचं नाव मी दोन वर्षं चुकीचं घेत होते. आपण सगळेच त्याला ‘यूलर’ म्हणतो. खरा उच्चार आहे ‘ऑयलर’. लिओनार्ड ऑयलर. एम-वनमध्ये त्याचं थिअरम, स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये त्याचा कॉलम, फ्लुइडमध्ये त्याचं इक्वेशन, न्यूमेरिकल मेथड्समध्ये त्याची मेथड. एफ.ई.ला असताना मला वाटायचं, यूलर हे टाटा-बिर्लांसारखं एखादं मोठं खानदान असणार आणि बर्नोली हा एकच माणूस असणार. प्रत्यक्षात उलटं निघालं! बर्नोली हे खानदान, आणि ऑयलर एकटाच. (व्हायवात हे सांगून पाहा. मार्क मिळत नाहीत, पण सर हसतात.)

हा शोध मला कसा लागला, ते सांगायला थोडं माझं पुराण ऐकावं लागेल.

एस.ई.च्या दुसऱ्या टर्मची गोष्ट. फेब्रुवारी महिना, सबमिशनचे दिवस. माझा चष्मा मोठ्या नंबरचा, दोन्ही डोळ्यांना उणे नऊ. एका रात्री शीट काढताना डाव्या डोळ्यात विजेसारखं चमकायला लागलं. मग काळे ठिपके, काजळी उडावी तसे. मला वाटलं जागरण. चार दिवस मी तसंच ओढलं, कारण जर्नल तपासून घ्यायचं होतं. पाचव्या दिवशी सकाळी डाव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यातून कुणी तरी काळा पडदा वर ओढतंय असं दिसलं. तो पडदा हटेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला काही न विचारता आई-बाबांचा नंबर मागितला.

डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, फाटून सुटला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टर समजावून सांगत होते की डोळ्याभोवती सिलिकॉनची एक पट्टी शिवणार, तिला ‘स्क्लेरल बकल’ म्हणतात. त्या अवस्थेतही माझ्या डोक्यात आलं की बकलिंग आम्हाला अभ्यासाला आहे! डोळ्यात गॅसचा बुडबुडाही सोडला. तो बुडबुडा आतून पडद्याला दाबून धरतो. त्यासाठी पंधरा दिवस मान खाली घालून राहायचं. झोपताना, जेवताना, सगळीकडे. विमान आणि उंच घाट बंद, कारण उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो आणि आतला गॅस फुगतो. म्हणून मुंबईहून आम्ही कोकण रेल्वेने रत्नागिरीला घरी आलो. इतक्या सुंदर मार्गावर मी फक्त स्वतःच्या चपला बघितल्या.

डाव्या डोळ्याने दिसायचं ते एवढंच : एक डुचमळणारी रेषा. सर्व्हेइंगच्या स्पिरिट लेव्हलमध्ये बुडबुडा हलतो ना, तो आतून बघितल्यासारखं. नजर किती परत येईल, ते डॉक्टर सांगत नव्हते. उजव्या डोळ्याच्या पडद्यातही कमकुवत जागा निघाली आणि तिथे लेझर मारून ठेवलं. भेटायला येणारी मंडळी आईला हळूच सांगायची की पोरीला आता हे ड्रॉइंग-बिइंगचं शिक्षण झेपायचं नाही, सरळ बी.कॉम.ला घाला. मान खाली असली तरी कान उघडे होते. ते सगळं ऐकू यायचं.

वाचन बंद. कॉम्प्युटर बंद. मान वर करायची नाही. मग करायचं काय? माझे आजोबा, अण्णा, बंदर खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. लहानपणी ते आम्हाला नारळाच्या पोयीच्या होड्या करून द्यायचे. त्यांनी माझ्यासमोर टेबलावर आईस्क्रीमच्या चपट्या काड्यांची दोन पाकिटं, फेविकॉल, झाडूचे हीर आणि स्वतःच्या जुन्या धोतराचा तुकडा ठेवला आणि सांगितलं, जहाज कर. खाली मान घालून करायचं काम याहून चांगलं कुठलं! डॉक्टरांना फोन करून विचारलं. तिसऱ्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ, डोळ्यावर ताण न देता, अशी परवानगी मिळाली.

एका डोळ्याने जहाज बांधणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच कळेल. खोलीचा अंदाजच येत नाही. फेविकॉलचा थेंब काडीवर सोडावा तर तो टेबलावर पडतो. दोरा भोकात घालायला जावं तर तो भोकाच्या चार बोटं अलीकडेच हवेत टोचला जातो. हळूहळू मी बघायचं सोडून चाचपायला लागले. दोन काड्या सपाट जुळल्या की नाही, ते डोळ्यांपेक्षा अंगठ्याला आधी समजतं. बारा-तेरा दिवसांत वीतभर रुंद आणि हातभर लांब असं एक जहाज उभं राहिलं. तीन डोलकाठ्या, सहा शिडं. मधली डोलकाठी मी मुद्दाम उंच केली. जहाजापेक्षाही उंच! दिसायला राजेशाही.

बादलीत सोडलं आणि अर्ध्या मिनिटात ते आडवं झालं. शिडं भिजली, मधली डोलकाठी मोडली, आणि मी रडले. एवढ्याशासाठी कुणी रडतं का? पण दोन महिन्यांचं साठलेलं होतं, ते तेव्हा निघालं.

अण्णांनी फक्त एवढंच विचारलं की नीरम घातलं होतंस का. नीरम म्हणजे जहाज उलटू नये म्हणून तळाशी भरतात ते दगड, वाळू वगैरे. इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांत मी ‘मेटासेंट्रिक हाइट’ची व्याख्या चार वेळा लिहिली होती, पण नीरम माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या रात्री मी धाकट्या भावाला फ्लुइडचं पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं. तो दहावीतला. ‘मेटासेंटर’ला अडखळत, ‘बॉयन्सी’ला हसत त्याने धडा वाचला. पुढे अण्णांनी गावातल्या वाचनालयातून गणितज्ञांच्या चरित्रांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात ऑयलरचं प्रकरण होतं. भावाने ते वाचून दाखवलं. मध्येच तो थांबला आणि म्हणाला की ताई, याच्या डोळ्याचं पण ऑपरेशन झालं होतं.

आता मुख्य गोष्ट.

लिओनार्ड ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात झाला. वडील पाद्री. मुलानेही पाद्री व्हावं अशी त्यांची इच्छा. पण वडील स्वतः तरुणपणी याकोब बर्नोलीकडे गणित शिकलेले, त्यामुळे घरात गणिताची गोडी होतीच. तेराव्या वर्षी ऑयलर बासेल विद्यापीठात दाखल झाला. तिथे याकोबचा धाकटा भाऊ योहान बर्नोली हा युरोपातला नावाजलेला गणितज्ञ शिकवत होता. त्याला खाजगी शिकवणीला वेळ नव्हता. त्याने ऑयलरला सांगितलं की अवघड पुस्तकं तू स्वतः वाच आणि अडेल ते शनिवारी दुपारी येऊन विचार. त्या शनिवारांसाठी ऑयलर आठवडाभर तयारी करायचा, कमीत कमी प्रश्न विचारावे लागावेत म्हणून. (आपण शनिवारी दुपारी काय करतो ते लिहीत नाही.)

१७२७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने स्पर्धेसाठी एक प्रश्न ठेवला होता : जहाजावर डोलकाठ्या किती, कुठे आणि केवढ्या उंच असाव्यात? ऑयलरने निबंध पाठवला. तेव्हा तो वीस वर्षांचा होत होता, म्हणजे माझ्याएवढा. गंमत अशी की स्वित्झर्लंडला समुद्रच नाही. ऱ्हाइन नदीतल्या होड्या त्याने पाहिल्या असतील, पण समुद्रावरचं मोठं शिडाचं जहाज त्याने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. तरी त्याने मांडणी केली. वारा शिडावर उंचावर ढकलतो, पाणी जहाजाला खाली अडवतं. डोलकाठी जितकी उंच तितका वेग मिळेल, पण तितकं जहाज कलंडेल. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हे त्याने गणिताने सोडवलं.

माझ्या बादलीत नेमकं हेच झालं होतं! फरक एवढाच की त्याने जहाज न पाहता उत्तर काढलं आणि मी जहाज बांधूनही प्रश्न ओळखला नाही.

बक्षीस मात्र त्याला मिळालं नाही. ते पिएर बूगेर नावाच्या फ्रेंच माणसाला मिळालं, जो जहाजविद्येचाच अध्यापक होता. ऑयलरला प्रशस्ती मिळाली. त्याच सुमारास बासेलला भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली, तीही हुकली. पुढे पॅरिसच्या याच अकादमीची बक्षिसं त्याने बारा वेळा जिंकली, पण ते नंतर. विसाव्या वर्षी त्याच्या हातात दोन नकार होते.

मग तो रशियाला निघाला. सेंट पीटर्सबर्गला नवी विज्ञान अकादमी सुरू झाली होती आणि योहान बर्नोलीचा मुलगा डॅनिएल (हाच आपल्या फ्लुइडमधला बर्नोली!) तिथे होता. रिकामी जागा होती ती शरीरशास्त्राची. म्हणून ऑयलरने काही महिने बसून शरीरशास्त्र वाचलं आणि १७२७च्या वसंतात घर सोडलं. ऱ्हाइनमधून होडीने, मग जर्मनीतून घोडागाडीने आणि शेवटी ल्यूबेक बंदरातून जहाजाने. डोलकाठ्यांवर निबंध लिहून झाल्यावर तो खऱ्या डोलकाठीखाली उभा राहिला तो असा. पीटर्सबर्गला पोहोचल्यावर पहिली काही वर्षं त्याने रशियन नौदलात वैद्यकीय लेफ्टनंट म्हणूनही काम केलं. नंतर तो भौतिकशास्त्राचा आणि १७३३ साली, डॅनिएल स्वित्झर्लंडला परतल्यावर, गणिताचा प्राध्यापक झाला. १७३४च्या जानेवारीत एका स्विस चित्रकाराच्या मुलीशी, कातारिना ग्सेलशी, त्याचं लग्न झालं. त्यांना तेरा मुलं झाली, त्यातली पाचच बालपण ओलांडू शकली.

इथून पुढे कामाचा जो पूर आला त्याची यादी करायला हा अंक पुरणार नाही. एक, अधिक एक-चतुर्थांश, अधिक एक-नवमांश अशी वर्गांच्या व्यस्तांची न संपणारी बेरीज किती, हा प्रश्न भल्याभल्यांना सुटला नव्हता. ऑयलरने १७३५ मध्ये दाखवलं की उत्तर ‘पाय’चा वर्ग भागिले सहा. वर्तुळाचा ‘पाय’ इथे कुठून आला, हे मला अजूनही जादूसारखं वाटतं. कोनिग्जबर्गच्या सात पुलांचं कोडं त्याचंच. त्यातून ग्राफ थिअरी जन्माला आली (कॉम्प्युटरवाल्यांनो, नमस्कार करा). आपण ‘ई’, ‘आय’, ‘सिग्मा’, ‘एफ ऑफ एक्स’ ही चिन्हं लिहितो, ती त्याच्या लेखणीतून आली आणि ‘पाय’ हे चिन्हही त्याच्यामुळेच सर्वत्र गेलं.

पण याच काळात पहिला घाव बसला. १७३५ साली त्याला भयंकर ताप आला. तो वाचला, पण १७३८ मध्ये उजव्या डोळ्याची नजर गेली. रशियाच्या नकाशांचं बारीक काम केल्यामुळे डोळा गेला, असं तो स्वतः मानत असे. तापातल्या संसर्गाने गेला असण्याची शक्यता जास्त, असं आजचे जाणकार मानतात. त्याची नंतरची चित्रं पाहिली की तो उजवा डोळा लगेच लक्षात येतो. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

भावाने हे वाचलं तेव्हा मी त्याला पुढे वाचायला सांगितलं. एका डोळ्याने माणसाचं काय होतं, ते मला ऐकायचं होतं.

काय झालं? काम वाढलं. १७४१ मध्ये तो प्रशियाच्या राजा फ्रेडरिकच्या बोलावण्यावरून बर्लिनला गेला आणि पंचवीस वर्षं राहिला. राजाला फडाफडा बोलणारे, फ्रेंच विनोद करणारे लोक आवडायचे. ऑयलर साधा, देवभोळा, दरबारात गप्प बसणारा. राजा त्याला पाठीमागे एकडोळ्या राक्षसाचं, ‘सायक्लॉप्स’चं नाव द्यायचा. हॉस्टेलवर नावं ठेवणारे असतात, तसे राजवाड्यातही असतात! ऑयलरने या नावाचा हिशोब ठेवला नाही. १७४४ साली आलेल्या ग्रंथाच्या पुरवणीत त्याने वाकणाऱ्या लवचीक दांड्यांचा अभ्यास मांडला. आपलं ‘पाय-वर्ग ई-आय भागिले एल-वर्ग’ हे कॉलमचं सूत्र त्यातूनच आलं. लांबी दुप्पट केली की दांडा एक-चतुर्थांश वजनालाच वाकतो. माझी मधली डोलकाठी का मोडली असेल, ते समजलं.

आणि १७४९ साली त्याचा जहाजांवरचा दोन खंडांचा मोठा लॅटिन ग्रंथ ‘स्किएन्शिया नावालिस’ प्रसिद्ध झाला. जहाज तरतं कसं हे आर्किमिडीजने सांगितलं होतं. पण ते कलंडलं तर सरळ होईल की उलटेल, याचं नीट गणित अठराव्या शतकापर्यंत नव्हतं. ते दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे केलं. एक ऑयलर आणि दुसरा तोच बूगेर, ज्याने त्याला डोलकाठ्यांच्या स्पर्धेत हरवलं होतं. बूगेरचा ग्रंथ १७४६ मध्ये आला आणि ‘मेटासेंटर’ हे नाव त्याने दिलं. ऑयलरने तीच गोष्ट जहाजाला परत सरळ करणाऱ्या मोमेंटच्या रूपात मांडली.

ज्यांनी पाठ केलंय पण पाहिलं नाही (माझ्यासारखे), त्यांच्यासाठी थोडक्यात. जहाज एका बाजूला कललं की पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो. त्यामुळे पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या कललेल्या बाजूला सरकतो. त्या जोराची उभी रेषा जहाजाच्या मधल्या रेषेला जिथे छेदते ते मेटासेंटर. जहाजाचा गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर जहाज मान वर काढतं. वर असेल तर बुडालंच समजा. तळात नीरम टाकलं की गुरुत्वमध्य खाली जातो. अण्णांना सूत्र माहीत नव्हतं, पण उत्तर माहीत होतं. मी तळाशी मच्छीमार जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी चिकटवले, डोलकाठी निम्मी केली, आणि जहाज बादलीत उभं राहिलं. बोटाने कलवलं तर डुलून परत सरळ! त्या दिवशी मी दहा वेळा तरी त्याला कलवलं असेल.

पण ऑयलरची गोष्ट इथे संपत नाही. खरी इथून सुरू होते.

१७६६ मध्ये राजाशी पटेनासं झाल्यावर तो पीटर्सबर्गला परतला. तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता. लवकरच चांगल्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला आणि त्याला जवळपास दिसेनासं झालं. १७७१ साल तर त्याच्यासाठी फार वाईट उजाडलं. पीटर्सबर्गला मोठी आग लागली आणि त्याचं घर जळालं. आंधळा ऑयलर आत अडकला होता. बासेलचाच एक कारागीर, पेटर ग्रिम, जळत्या घरात शिरला आणि त्याला खांद्यावर टाकून बाहेर घेऊन आला. बरीचशी हस्तलिखितं वाचली.

त्याच वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू सुईने बाजूला ढकलण्याची रीत जुनी, आपल्या सुश्रुतसंहितेतही ती आहे. पण डोळ्याला छेद देऊन मोतीबिंदू बाहेर काढायची पद्धत तेव्हा नवीन होती. फ्रान्सच्या दाव्हिएल नावाच्या शल्यचिकित्सकाने ती त्याच शतकाच्या मध्याला रूढ केली. ऑयलरचं ऑपरेशन बॅरन वेन्झेल या त्या काळच्या प्रसिद्ध नेत्रवैद्याने केलं. भूल नाही, कारण ईथरची भूल १८४६ मध्ये आणि डोळ्यात घालायचं कोकेनचं औषध १८८४ मध्ये आलं. जंतू म्हणजे काय हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मला डोळ्याच्या बाजूला एक इंजेक्शन दिलं होतं, तर मी नर्सताईंचा हात सोडत नव्हते.

ऑपरेशन यशस्वी झालं. ऑयलरला दिसायला लागलं! इतक्या वर्षांनी घर, माणसं, कागद. काही दिवसांनी डोळ्यात संसर्ग झाला, असह्य वेदना सुरू झाल्या आणि ती नजर गेली. ती परत आली नाही.

भावाने इथे पुस्तक मिटलं. आम्ही दोघं काही बोललो नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या डोळ्यातला बुडबुडा अजून पुरता विरला नव्हता आणि त्याच्यामागे काय उरलंय ते कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुढचं मीच वाचायला सांगितलं.

पुढचं असं आहे. ऑयलरच्या एकूण कामातला जवळजवळ अर्धा भाग या दुसऱ्या पीटर्सबर्गच्या, म्हणजे अंधाराच्या, काळातला आहे. १७७५ साली तर आठवड्याला सरासरी एक निबंध. आणि १७७३ साली आंधळ्या ऑयलरचं जहाजांवरचं आणखी एक पुस्तक निघालं. हे फ्रेंचमध्ये, सोपं, पंडितांसाठी नव्हे तर दर्यावर्दी लोकांसाठी. जहाज कसं बांधावं आणि कसं हाकावं. त्याची इंग्रजी, इटालियन आणि रशियन भाषांतरं झाली. जहाज न पाहता डोलकाठ्यांवर लिहिणारा मुलगा म्हातारपणी पुन्हा जहाज न पाहताच लिहीत होता.

हे तो कसं करत होता? सगळीकडे लिहिलेलं असतं की त्याची स्मरणशक्ती अफाट होती. होतीच. व्हर्जिलचं अख्खं महाकाव्य त्याला पाठ होतं. मोठमोठी गणितं तो मनात करायचा. पण मला या उत्तराने समाधान झालं नाही. अशी स्मरणशक्ती माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नसेल. मग आपल्यासाठी त्यात काय?

दुसरं उत्तर मला त्याच्या खोलीत सापडलं. तिथे एक मोठं टेबल होतं. टेबलावर पाटी. ऑयलर टेबलाच्या कडेला हात लावून गोल फेऱ्या मारायचा, तोच त्याचा व्यायाम. पाटीवर मोठ्या अक्षरांत सूत्रं लिहायचा. आणि टेबलाभोवती माणसं असायची. मोठा मुलगा योहान आल्ब्रेश्ट. क्राफ्ट आणि लेक्सेल हे अकादमीतले सहकारी. १७७३ साली बासेलहून आलेला निकोलाउस फूस हा तर केवळ सतरा-अठरा वर्षांचा पोरगा! ते पुस्तकं वाचून दाखवायचे, आकडेमोड करायचे, वाद घालायचे, लिहून काढायचे. एकट्या फूसने सुमारे २५० निबंध तयार करायला मदत केली. (पुढे त्याने ऑयलरच्या नातीशी लग्न केलं. हॉस्टेलच्या वाचकांना ही माहिती आवश्यक वाटेल म्हणून देते.) त्याआधी बीजगणिताचं पुस्तक ऑयलरने आपल्या नोकराला सांगून लिहून घेतलं. तो नोकर शिंपीकामातला, गणित न शिकलेला. लिहिता लिहिता तो स्वतः बीजगणित शिकला, असं सांगतात.

ऑयलर त्यांचे डोळे वापरत होता आणि ते त्याचं डोकं. आंधळा माणूस एकटा लढला, ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण ती खरी नाही. त्याने लाज न बाळगता मदत घेतली, आणि मदत करणाराही त्यातून मोठा झाला.

एप्रिलमध्ये मी हॉस्टेलवर परत आले. डॉक्टरांनी सांगितलं की पडदा चिकटलाय, नजर पूर्वीइतकी होणार नाही, पण कामापुरती होईल. आजही डाव्या डोळ्याने सरळ रेषा मध्ये किंचित वाकलेली दिसते. (ऑयलर बकलिंग, दुसरं काय!) सलग वाचायला मनाई होती आणि परीक्षा महिन्यावर. बी.कॉम.चा फॉर्म घरी खरंच आणून ठेवलेला होता. आधीची मी असते तर रूममध्ये गप्प बसून राहिले असते, कारण कुणाकडे काही मागायची मला फार लाज वाटते. पण या वेळी मी दोघी रूममेट्सना सरळ सांगितलं की मला वाचून दाखवा.

त्यांनी दाखवलं. मेसमधून आल्यावर एक थर्मो वाचायची, दुसरी फ्लुइड. वाचताना त्या अडायच्या तिथे मला समजावावं लागायचं, आणि समजावताना मला कळायचं की मलाच ते समजलेलं नाही. मग तिघी भांडायचो. शेजारच्या रूममधल्या मुलीही येऊन बसायला लागल्या. एका विषयात के.टी. लागली, खोटं कशाला सांगू. पण फ्लुइडमध्ये तिघीही चांगल्या मार्कांनी पास झालो, आणि तो फॉर्म आईने रद्दीत घातला.

१८ सप्टेंबर १७८३. त्या दिवशी शहात्तर वर्षांच्या ऑयलरने नेहमीप्रमाणे नातवंडाला गणित शिकवलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मॉंगोल्फिए बंधूंचे फुगे आकाशात गेले होते, त्यांच्या वर जाण्याची आकडेमोड पाटीवर केली. म्हणजे पुन्हा तरंगणंच, पाण्याऐवजी हवेत! जेवणानंतर लेक्सेलशी नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेबद्दल बोलणं झालं. संध्याकाळी मेंदूत रक्तस्राव झाला आणि काही तासांत तो गेला. त्याचे निबंध मात्र अकादमी पुढची कित्येक दशकं छापतच राहिली. त्याच्या लेखनाच्या यादीत ८६६ नोंदी आहेत आणि १९११ साली सुरू झालेल्या त्याच्या समग्र ग्रंथमालेचे सत्तरहून जास्त खंड झाले आहेत.

जाता जाता एक कामाची गोष्ट. डोळ्यात अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सबमिशन थांबतं, डोळा थांबत नाही. माझे ते चार दिवस मला अजून आठवतात.

माझं जहाज आता हॉस्टेलच्या कपाटावर आहे. एक शीड झुरळांनी खाल्लंय, पण तळातलं शिसं शाबूत आहे. मेटासेंटर समजत नसेल तर कधीही या, कलवून दाखवते. बादली मात्र स्वतःची आणा, आमच्या बादलीत कायम कपडे भिजत असतात.

– टी.ई. (मेकॅनिकल)